कॅनडातल्या रिझर्व्हवरचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात मूळनिवासी समाजांसाठी राखलेल्या जमिनींवरच्या (रिझर्व्हवरच्या) अनेक वस्त्यांत नळाचं पाणी वर्षानुवर्षं थेट पिता येत नाही. कॅनडातल्या मराठी मंडळींसाठीचं हे पान त्याबद्दल आहे. ते तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पिण्याजोगं पाणी हे सरकारचं देणं आहे आणि ते कायद्याने बांधून घेतलं पाहिजे, अशी आमची भूमिका आहे. आकडे मात्र भूमिका बघून निवडलेले नाहीत, सरकारच्या बाजूचेही दिले आहेत.

जगातलं एवढं गोडं पाणी कॅनडात आहे, मग टंचाई कसली?

टंचाई नाहीच. जगातल्या तळ्या-नद्यांतल्या गोड्या पाण्याच्या साठ्यापैकी जवळजवळ २० टक्के साठा कॅनडात आहे, आणि ज्या वस्त्यांबद्दल आपण बोलतोय त्यातल्या बऱ्याचशा तळ्याच्या नाहीतर नदीच्या काठावरच आहेत. धरण उशाला आणि कोरड घशाला, तसला प्रकार. उत्तर ओंटारिओतली नेस्कांतागा ही वस्ती अटावापिस्कॅट तळ्याकाठी आहे. तिथे १ फेब्रुवारी १९९५ पासून ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना लागू आहे. म्हणजे तिथे जन्मलेल्या तिशीच्या आतल्या कोणालाही घरच्या नळाखाली भांडं धरून तसंच तोंडाला लावता आलेलं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तर साठवण टाकीतल्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला, तपासणीत हायड्रोकार्बन सापडले आणि लोकांना विमानाने थंडर बे शहरातल्या हॉटेलांत हलवावं लागलं. ऐन कोविडच्या काळात, जवळजवळ दोन महिने.

रिझर्व्ह म्हणजे नेमकं काय? पाण्याचा आणि त्याचा संबंध काय?

१८७६ च्या इंडियन ॲक्टखाली फर्स्ट नेशन्स या मूळनिवासी समाजांसाठी राखून ठेवलेली जमीन म्हणजे रिझर्व्ह. (कायद्यातल्या ‘इंडियन’शी आपला संबंध नाही, कोलंबसाची चूक तिथे अजून कायद्याच्या नावात बसली आहे.) जमिनीची मालकी राजसत्तेकडे, वापर त्या समाजाचा. अशा ६३० हून अधिक फर्स्ट नेशन्स आहेत. इनुइट आणि मेटी हे वेगळे समाज, त्यांची व्यवस्थाही वेगळी.

गोम इथे आहे. शहरांचं आणि गावांचं पाणी हा प्रांताचा विषय. पण १८६७ च्या राज्यघटनेतल्या कलम ९१(२४) नुसार रिझर्व्ह हा केंद्राचा विषय. मे २००० मध्ये ओंटारिओतल्या वॉकर्टन गावात नळाच्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू आले, ७ माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. प्रांत हादरला. २००२ मध्ये कडक कायदा आला: परवाना असलेली प्रयोगशाळा, प्रमाणपत्र असलेला ऑपरेटर (पाणी शुद्ध करणारी यंत्रणा चालवणारा), ठरलेल्या दिवशी नमुने, चुकलं तर शिक्षा. हा कायदा रिझर्व्हच्या हद्दीपाशी थांबतो. हद्दीच्या आत मार्गदर्शक सूचना आहेत आणि निधीच्या करारातल्या अटी आहेत. नागरिकाला न्यायालयात दाखवता येईल असं मानक नाही.

सूचना किती प्रकारच्या असतात?

तीन. ‘उकळून प्या’ म्हणजे जंतूंचा धोका. ‘पिऊ नका’ म्हणजे उकळून न जाणारं काहीतरी पाण्यात आहे: शिसं, आर्सेनिक, युरेनियम, मँगनीज. ‘वापरूच नका’ म्हणजे अंगाला लागलं तरी अपाय, उदाहरणार्थ इंधन सांडलं असेल तेव्हा. बारा महिन्यांहून जास्त टिकली की ती सूचना दीर्घकालीन समजली जाते. सूचना काढण्याचा आणि उठवण्याचा अधिकार त्या वस्तीच्या मुख्याला आणि परिषदेला असतो, सल्ला पर्यावरण आरोग्य अधिकाऱ्याचा. उठवण्याआधी किमान दोन लागोपाठचे नमुने स्वच्छ यावे लागतात आणि बिघाडाचं मूळ कारण दूर झालेलं असावं लागतं.

‘उकळून प्या’ असेल तर घरात काय काय बदलतं?

ऐकायला साधं वाटतं, म्हणून सविस्तर. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तशीच ठेवायची, मग झाकून निववायचं. हे पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी, बाळाच्या दुधासाठी, बर्फासाठी, कच्ची फळं-भाजी धुण्यासाठी आणि दात घासण्यासाठीही. मोठी माणसं पाणी तोंडात न जाऊ देता अंघोळ करू शकतात. तान्ह्याला अंघोळ घालायची नाही, ओल्या फडक्याने पुसून काढायचं. हाताने घासलेली भांडी सौम्य ब्लीचच्या पाण्यातून काढायची. फ्रीजमधला आपोआप बर्फ करणारा कप्पा बंद. कॉफीचं यंत्र पाणी गरम करतं, पण मिनिटभर खळखळवत नाही, म्हणून त्यातही आधी उकळलेलंच पाणी. कोळशाच्या फिल्टरचा जग जंतू मारत नाही, उलट तो वेळेवर बदलला नाही तर त्यातच जिवाणू वाढतात.

पाच माणसांच्या घरात यासाठी रोज २० लिटर धरा. चार लिटरच्या पातेल्याच्या पाच खेपा. थंडीत नळाला ५ अंशांचं पाणी येतं. ते शंभरावर न्यायला नुसत्या हिशेबाने सव्वादोन युनिट वीज लागते, पातेल्याची आणि शेगडीची गळती धरून तीनच्या आसपास. डिझेलवर वीज बनवणाऱ्या दुर्गम वस्तीत हे रोजचं. त्यात गरम पातेलं उचलताना भाजण्याचे प्रकार वेगळेच.

आणि ‘पिऊ नका’ असेल तेव्हा उकळू नये. पाणी वाफ होऊन जातं, धातू तिथेच राहतो, म्हणजे दर लिटरमागे त्याचं प्रमाण वाढतं. जुन्या सवयीने उकळत राहणं ही नेहमीची चूक आहे.

नवा जलशुद्धीकरण प्लांट बांधून दिला तरी पाणी बिघडतं, हे कसं?

या प्रश्नाचं उत्तर कळलं की बाकीचं राजकारण आपोआप कळतं, म्हणून तळ्यापासून नळापर्यंत एकेक टप्पा बघू.

पहिला टप्पा पाणी उचलण्याचा. जेम्स उपसागराजवळच्या कॅशेचेवानमध्ये नदीतून पाणी उचलणारा पाइप सांडपाण्याच्या तळ्याच्या खालच्या अंगाला होता. २००५ मध्ये पाण्यात ई. कोलाय सापडले, मग क्लोरीन वाढवलं, त्याने त्वचेचे विकार चिघळले आणि शेवटी वस्ती रिकामी करावी लागली. हा आराखडा कागदावर कोणीतरी मंजूर केला होता.

दुसरा टप्पा गाळ बसवण्याचा आणि गाळण्याचा. उत्तरेकडचं पाणी चहासारखं तपकिरी असतं, कुजलेल्या पानांचं आणि दलदलीतलं सेंद्रिय द्रव्य त्यात विरघळलेलं असतं. तुरटीसारखं रसायन टाकून ते खाली बसवायचं, मग गाळायचं. वसंतात बर्फ वितळलं की गढूळपणा एका रात्रीत बदलतो आणि कालचं रसायनाचं माप आज चालत नाही. माप बदलणारा माणूस त्या दिवशी हजर नसेल तर फिल्टर तुंबतो.

तिसरा टप्पा क्लोरीनचा, आणि इथे कात्री आहे. कमी पडलं तर जंतू राहतात. जास्त टाकलं तर ते उरलेल्या सेंद्रिय द्रव्याशी संयोग पावून ट्रायहॅलोमिथेन ही अपायकारक रसायनं बनतात, ज्यांची कॅनडातली मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. अटावापिस्कॅट या वस्तीने (वरच्या तळ्याचंच नाव, पण नेस्कांतागाहून वेगळी वस्ती) जुलै २०१९ मध्ये नेमक्या याच कारणाने आणीबाणी जाहीर केली. शिवाय द्रवरूप क्लोरीन साठवणीत आपली ताकद गमावतं. वर्षाचा साठा हिवाळ्यात एकदाच आणला आणि डोसिंग पंपाचा (मापाने क्लोरीन सोडणाऱ्या पंपाचा) काटा तोच ठेवला, तर काही महिन्यांनी पंप चालू असतो, पण जंतू मरत नाहीत. अतिनील दिव्याचंही तसंच. वर्षाकाठी दिवा बदलावा लागतो आणि पाणी गढूळ असेल तर किरण आत पोचतच नाहीत.

चौथा टप्पा जलवाहिनीचा. पाइप पुरेसा खोल पुरला नसेल तर गोठतो. तो गोठू नये म्हणून लोक हिवाळाभर नळाची धार चालू ठेवतात. शंभर घरांनी असं केलं की रात्रभर प्लांटवर दिवसाचा भार येतो, टाकी उतरते, दाब पडतो, आणि दाब पडला की फटीतून बाहेरचं पाणी आत शिरतं. झाली सूचना लागू. प्लांट नवा आणि उत्तम असूनही.

आणि सुटा भाग. विमानाखेरीज वाट नसलेल्या वस्तीत डोसिंग पंपाचा आतला पडदा (डायफ्रॅम) फाटला आणि जादा पडदा कपाटात नसेल, तर तो मागवून येईपर्यंत किती दिवस जातील ते हवामान ठरवतं. मोठं सामान फक्त हिवाळी रस्त्याने येतं, म्हणजे गोठलेल्या तळ्यांवरून आणि दलदलींवरून जाणाऱ्या ट्रकने. तापमान वाढतंय तसे त्या रस्त्याचे दिवस कमी होताहेत. एका हिवाळ्याची संधी हुकली की बांधकाम वर्षभर पुढे जातं.

मग ऑपरेटर नेमा ना. त्यात अवघड काय?

पगार. महालेखापरीक्षकांच्या फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात नोंद आहे की फर्स्ट नेशन्सच्या ऑपरेटरांचा पगार इतरत्र तेच काम करणाऱ्यांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी होता, आणि निधी ठरवण्याचं सूत्र ३० वर्षं बदललेलं नव्हतं. माणूस प्रशिक्षण घेतो, प्रमाणपत्र मिळवतो आणि जवळच्या शहरात जास्त पगारावर जातो. त्याच्या जागी पर्यायी ऑपरेटर नसेल, तर एका माणसाच्या आजारपणात अख्ख्या वस्तीचं पाणी अडकतं.

चालवण्याच्या आणि देखभालीच्या खर्चाचं कोडं याहून विचित्र होतं. केंद्र सरकार सूत्राने काढलेल्या खर्चाच्या ८० टक्के देत असे, बाकी २० टक्के वस्तीने पाणीपट्टीतून उभे करायचे. जिथे नळाचं पाणी पिता येत नाही तिथे पाणीपट्टी कशाची मागणार? २०२० च्या अखेरीस दीड अब्ज डॉलरची तरतूद करून हा वाटा १०० टक्के केला. तरी डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने हिशेब मांडला तेव्हा बांधकामासाठी पैसा पुरेसा निघाला, चालवण्यासाठी मात्र वर्षाला १३ कोटी ८० लाख डॉलर कमी पडत होते.

फीत कापण्याच्या कार्यक्रमाला मंत्री येतात. पंपाचा पडदा बदलताना फोटो काढायला कोणी येत नाही. पैसाही त्याच हिशेबाने येतो.

सरकार म्हणतं १४० हून अधिक सूचना उठवल्या. हे खोटं आहे का?

नाही, खरं आहे, आणि त्यामागे खूप माणसांचं खरंखुरं काम आहे. २०१५ च्या निवडणुकीत जस्टिन ट्रुडो यांनी पाच वर्षांत सगळ्या दीर्घकालीन सूचना संपवण्याचं वचन दिलं. त्या नोव्हेंबरात १०५ सूचना लागू होत्या. मुदत मार्च २०२१ ची ठरली, आणि डिसेंबर २०२० मध्ये मंत्र्यांनी ती हुकणार असल्याचं कबूल केलं. २०२५ मध्येही तीस ते चाळीसच्या दरम्यान सूचना उरल्या होत्या. १०५ मधून १४० वजा कशा होतात, असा प्रश्न पडला असेल, तर उत्तर असं की मधल्या काळात नव्या सूचनांची भर पडत राहिली. म्हणून ‘किती उठवल्या’ या आकड्याशेजारी ‘किती नव्या आल्या’ हा आकडा मागावा.

त्याहून महत्त्वाचं, कोण मोजलं जात नाही. ही यादी फक्त सार्वजनिक यंत्रणांची आहे. पाचपेक्षा कमी घरांची यंत्रणा, खाजगी विहीर, सिस्टर्न हे यादीबाहेर. ब्रिटिश कोलंबियाची नोंद तिथली फर्स्ट नेशन्सची आरोग्य संस्था वेगळी ठेवते. एक वर्ष पूर्ण न झालेल्या सूचना वेगळ्या.

सिस्टर्न म्हणजे?

घराशेजारी पुरलेली किंवा तळघरात ठेवलेली टाकी. प्लांटमधून ट्रक येतो, नळी लावतो, टाकी भरतो. आपल्याकडच्या टँकरवर जगणाऱ्या गावांना हे समजावून सांगायला नको. ५,००० लिटरची टाकी आणि आठ माणसांचं घर धरा. कॅनडातला घरगुती वापर माणशी रोज २०० लिटरच्या वर आहे. त्या हिशेबाने टाकी तीन दिवसांत खाली. ट्रक आठवड्याने येणार असेल तर मधले चार दिवस काटकसरीचे: कपडे नंतर, अंघोळ आड दिवशी.

झाकणाची कड थंडीने तडकते, फटीतून वितळलेलं बर्फ, माती, कधी उंदीर आत जातो. ट्रकची नळी जमिनीवर घासत आलेली असते. टाकीत पाणी साचून राहिलं की क्लोरीन उडून जातं. प्लांटच्या दारात नमुना स्वच्छ, स्वयंपाकघरातल्या नळाला खराब, आणि सरकारी नोंदीत ही वस्ती ‘सूचना नाही’ या रकान्यात. टाकी वर्षातून एकदा तरी रिकामी करून घासून क्लोरीनने धुवायला हवी, पण त्यासाठीचा खर्च बहुतेकदा घरमालकाच्या नाहीतर वस्तीच्या गळ्यात पडतो.

आठ अब्ज डॉलरचा समझोता झाला ना? मग प्रश्न मिटला नाही का?

कर्व्ह लेक, नेस्कांतागा आणि टाटास्क्वेयाक या तीन फर्स्ट नेशन्सनी केंद्राविरुद्ध सामूहिक दावा लावला आणि २०२१ मध्ये समझोता झाला. त्यातले किमान सहा अब्ज नऊ वर्षांत पाणी योजनांवर खर्च करायचे, सुमारे दीड अब्ज भरपाईचे. भरपाई २० नोव्हेंबर १९९५ ते २० जून २०२१ या काळात वर्षभर किंवा जास्त सूचनेखाली राहिलेल्यांना. व्यक्तींचे दावे करण्याची मुदत मार्च २०२४ मध्ये संपली.

तारखा नीट बघा. त्यानंतरच्या काळाचं काय? मॅनिटोबातल्या शमाट्टावा या फर्स्ट नेशनने त्यासाठी नवा सामूहिक दावा लावला. त्यात केंद्राच्या वकिलांनी लेखी भूमिका घेतली की या वस्त्यांच्या पाणी यंत्रणा चालवण्याचं कायदेशीर बंधन केंद्रावर नाही. २०२४ मध्ये ही भूमिका बातम्यांत आली. व्यासपीठावर ‘पाणी हा हक्क’ म्हणायचं आणि न्यायालयात ‘आमचं बंधन नाही’ म्हणायचं, हे एकाच सरकारने एकाच वेळी केलं. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांत पाण्याच्या हक्काचा ठराव आला तेव्हाही कॅनडा तटस्थच राहिला होता. तेव्हा सरकार कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं होतं, आता लिबरल. पक्ष बदलला की ही सवय बदलते असं नाही.

कायदा करायचं काय झालं?

२०१३ मध्ये एक कायदा आला, त्यात जबाबदारी होती पण पैसा नव्हता. फर्स्ट नेशन्सनी विरोध केला आणि २०२२ मध्ये तो रद्द झाला. डिसेंबर २०२३ मध्ये फर्स्ट नेशन्सच्या पाण्यासाठीचं सी-६१ हे विधेयक आलं. जानेवारी २०२५ मध्ये संसद सत्र संपवलं गेलं आणि विधेयक तिथेच मेलं. त्यात वस्तीबाहेरच्या मूळ जलस्रोताला संरक्षण देण्याची तरतूद होती, आणि खरी ठिणगी तीच. २०२५ च्या उन्हाळ्यात ओंटारिओ आणि अल्बर्टाच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहून ते परत आणू नका म्हणून सांगितलं. टीका झाल्यावर ओंटारिओच्या मंत्र्यांनी सूर बदलला. वरच्या अंगाला खाण किंवा गिरणी असेल तर खालच्या अंगाचा प्लांट कितीही चांगला असो, त्याला मर्यादा आहेत. ओंटारिओतल्या ग्रासी नॅरोज या फर्स्ट नेशनची पाऱ्याची गोष्ट याचीच. ड्रायडनच्या कागद गिरणीतून १९६२ ते १९७० दरम्यान सुमारे ९ टन पारा नदीत गेला आणि तो माशांतून माणसांत आला. ती हानी पाण्याच्या सूचनांच्या यादीत दिसत नाही.

लोक शहरात राहायला का जात नाहीत?

काही जातात. पण हा प्रश्न वॉकर्टनच्या लोकांना कोणी विचारला नाही, तिथे नळ दुरुस्त केला. रिझर्व्हच्या जागा बऱ्याच ठिकाणी सरकारनेच ठरवल्या, चांगली जमीन काढून घेऊन. शोल लेक ४० या फर्स्ट नेशनचं उदाहरण पुढे आहेच.

आम्ही विनिपेगला राहतो. आमच्या नळाचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. विनिपेगमधल्या प्रत्येक मराठी घरातला चहा शोल लेकच्या पाण्याचा आहे. १९१९ पासून सुमारे १५५ किलोमीटरच्या जलवाहिनीने ते पाणी शहरात येतं. त्या कामासाठी शोल लेक ४० या फर्स्ट नेशनची जमीन घेतली, वस्ती हलवली, आणि कालवा खणल्याने त्यांची जागा बेट होऊन बसली. उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात बर्फावरून वाट. शहराला पाणी देणाऱ्या त्याच तळ्याकाठी त्यांना १९९७ पासून उकळून प्यावं लागलं. रस्ता २०१९ मध्ये झाला. रस्ता झाल्यावर प्लांटचं सामान परवडणाऱ्या खर्चात पोचलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सूचना उठली.

चांगलं काही चाललंय का?

हो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या फर्स्ट नेशन्सनी स्वतःची पाणी संस्था उभी केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राशी करार झाला, दहा वर्षांसाठी सुमारे २५ कोटी ७० लाख डॉलर. अनेक वस्त्यांचे ऑपरेटर एका संस्थेत असल्याने एकाची रजा दुसरा भरून काढतो, सुटे भाग एकत्र घेतले जातात, आणि दहा वर्षांचा पैसा आधी ठाऊक असल्याने पाइप फुटण्याआधी बदलता येतो. एकेकट्या वस्तीला दरवर्षी अर्ज करायला लावण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

आम्ही नागरिक नाही, पीआर (कायमचे रहिवासी) किंवा विद्यार्थी आहोत. काय करू शकतो?

मतदान सोडून बरंच काही. आपल्या खासदाराला संसदेच्या पत्त्यावर पत्र पाठवायला पोस्टाचं तिकीट लागत नाही. पत्रात एकच प्रश्न ठेवा आणि तो ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा ठेवा: सिस्टर्नवरची घरं मोजली जावीत याला तुमचा पाठिंबा आहे का? ‘पाणी मिळालं पाहिजे’ असं लिहिलं तर ‘आम्हीही सहमत’ असं छापील उत्तर येतं.

संसदेच्या ई-याचिकेवर कॅनडात राहणारा कोणीही सही करू शकतो, वयाचीही अट नाही. सुरू करायला पाच पाठिराखे आणि एक खासदार लागतो. ५०० वैध सह्या झाल्या की ती सभागृहात मांडता येते आणि मांडल्यापासून ४५ दिवसांत सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं. कागदी याचिकेला २५ सह्या पुरतात. मंडळाच्या गणपतीत एका संध्याकाळी होतील. कागदी याचिकेवर हाताने सही हवी आणि पत्ता हवा. अर्धवट पत्त्यामुळे सह्या बाद होतात.

माहिती मागायची तर ५ डॉलर शुल्क भरून केंद्राच्या मूळनिवासी सेवा विभागाकडे अर्ज करता येतो, कॅनडात उपस्थित असलेल्या कोणालाही. ३० दिवसांची मुदत असते, पण ती वाढवून घेण्याची सोय विभागाला आहे आणि तो ती वापरतो. म्हणून ‘पाण्याबद्दलची सर्व कागदपत्रं’ असं मागू नका. वस्तीचं नाव, वर्ष आणि कागदाचा प्रकार लिहा: अमुक वस्तीच्या यंत्रणेचा वार्षिक तपासणी अहवाल, अमुक ते अमुक तारीख. त्याआधी आधीच दिलेल्या माहितीची यादी शोधा, बऱ्याचदा तोच कागद दुसऱ्या कोणीतरी मागवलेला असतो आणि तो फुकट मिळतो.

आणि कोणत्याही वस्तीसाठी बाटल्यांचा ट्रक भरून पाठवण्याआधी त्यांच्या परिषदेच्या कार्यालयात फोन करा. बाटल्या विमानाने न्यायला लागतात, रिकाम्या बाटल्यांचा कचरा तिथेच राहतो, आणि त्यांना त्या आठवड्यात कदाचित पंपाचा पडदा हवा असतो.